एक डोळा मिटून पाहा

मित्रांनो, मला दोन डोळे आहेत, पण पापणी एकही नाही. समोर आलेलं सगळं मला पाहावंच लागतं. मी तसबिरी पाहायची जुनी लाकडी पेटी आहे. माझ्यात एका पुठ्ठ्यावरच्या दोन जुळ्या तसबिरी ठेवायच्या आणि माझ्या भिंगांना डोळे लावायचे. दोन्ही मिळून एक होतात, आणि त्यातलं झाड हात लावावा असं उभं राहतं.

माझा जन्म विलायतेतला. मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून दाऊदमियाँनी मला आणि त्याच्या कॅमेऱ्याला घेतलं, अमरावतीत तसबिरींचं दुकान थाटलं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. तो वेचणारा, तुडवणारा माणूस मात्र होता तिथेच होता. व्यापाऱ्यांना ढिगापुढे ऐटीत उभं राहून तसबीर काढायची हौस आली. लोक मला डोळे लावून म्हणायचे, "काय जित्तं दिसते हो!" मला बरं वाटायचं.

मग भगवंतरावांची तसबीर आली. हे मोठे कापूसवाले.

दाऊदमियाँच्या कॅमेऱ्याला एकच डोळा. ते आधी डावी तसबीर घेत, मग कॅमेरा चार बोटं सरकवून, नवी काच घालून उजवी. तोवर कोणी हलायचं नाही. जे हलतं, ते काचेवर उमटत नाही. भगवंतरावांच्या मागे खड्ड्यात गोणपाटाचा भला मोठा बोरा टांगला होता. अशा बोऱ्यात माणूस उतरून पायांनी कापूस तुडवतो. तो माणूस, नत्थुजी, बोऱ्याच्या तोंडाशी पुतळ्यासारखा उभा होता.

डावी झाली. तेवढ्यात भगवंतरावांना आपलं पागोटं वाकडं वाटलं. ते सोडून पुन्हा बांधायला बसले. मागे वळून ओरडले, "नत्थ्या, तुह्या लग्नाची बरात हाये का? उतर अंदर!" नत्थुजी उतरला. वरून कापसाचे भारे ओतले गेले. पागोटं मनासारखं झालं, तेव्हा उजवी घेतली. दाऊदमियाँ काळ्या कापडाखाली, बाकी सगळे कॅमेऱ्याकडे पाहत. मागे कोणी पाहिलं नाही.

संध्याकाळी तो बोरा शिवून मुंबईच्या गाडीवर चढला. भगवंतरावांनी गावभर सांगितलं, नत्थुजी त्या दिवशी कामाला आलाच नाही. दुसरी बाई घेऊन पळाला.

माझ्यातून ती तसबीर पाहिली की बोऱ्याच्या तोंडाशी एक विरळ माणूस लुकलुकायचा. एका डोळ्याला दिसायचा, दुसऱ्याला नाही. लोक किंचाळायचे, हसायचे, पुन्हा रांगेत उभे राहायचे. भगवंतराव मिशीत हसून म्हणायचे, "माह्या कापसाले राखणदार हाये!" त्या भुताचा चेहरा कोणाचा, कोणी विचारलं नाही. एकानंही नाही!

एका दुपारी नत्थुजीची बायको तानुबाई दुकानात आली. कपाळावर कुंकू होतं. रांगेतली एक बाई म्हणाली, "कोणाच्या नावाचं लावते वं? पळून गेलेल्याच्या?" तानुबाई दाऊदमियाँकडे वळली. फक्त म्हणाली, "भाई, मले पाहू द्या. जिता का मेला, येवढंच पायजे."

तिनं डोळे लावले. "हालून राह्यलं. समजत नाही."

"दोनो आँखोंसे नको, बहन," दाऊदमियाँ म्हणाले. "उजवी मीट."

"हेच ते! उभे हायेत. कामावर गेलतेच ते!"

"आता डावी मीट."

ती माझ्यावर आणखी वाकली. तिचा श्वास माझ्या काचेवर साचला.

"बोऱ्यातून हात निंगला हाये. तांब्याचं कडं हाये त्यात. मीच घातलं होतं." मग तिनं विचारलं, "भाई, हाललेलं उमटत नाही ना?"

"नाही."

"हे त साफ उमटलं."

तानुबाईनं सगळ्यांसमोर पदरानं कुंकू पुसलं आणि त्या टोमणे मारणाऱ्या बाईकडे पाहत बाहेर गेली.

बातमी पसरताच भगवंतरावांच्या माणसांनी येऊन तसबिरींच्या काचा फोडल्या, दुकान बंद पाडलं. माझ्यातला पुठ्ठा मात्र दाऊदमियाँनी काढू दिला नाही. पुढे लढाई संपली, कापसाचा भाव पडला, आणि मी अकोल्याच्या जुन्या शहरात एका अडगळीत येऊन पडले. रात्र असो वा दिवस, माझ्यासमोर तोच हात असतो.

मित्रांनो, माझी भिंगं मऊ फडक्यानं पुसा. पुठ्ठ्याला पाणी लावू नका, वाळवी लागू देऊ नका. आणि आत पाहून भूत-भूत ओरडू नका. एक डोळा मिटा, तिथे नत्थुजी आहे. मग दुसरा मिटा. तो हात दिसेपर्यंत हलू नका.