पाचवा मयूर खोडे

माझा धाकटा भाऊ मयूर वनरक्षकाच्या भरतीत निवडला गेला, तेव्हा बाबांनी आख्ख्या गल्लीत पेढे वाटले. मी म्हटलं, आधी रुजू तर होऊ द्या. माझी जीभ काळी आहे असं माहेरी सगळेच म्हणतात. पण या वेळी खरोखर तसंच झालं. पोलीस पडताळणीसाठी मयूर पांढुर्ण्याच्या ठाण्यात गेला, तर तिथल्या मुंशीनं, म्हणजे लिखापढीच्या हवालदारानं, संगणकात पाहिलं आणि मान हलवली.

"मयूर खोडे, राहणार पांढुर्णा. केस आहे. फरार."

फरार मयूर त्याच्यापुढे हात जोडून उभा होता, आणि हा मुंशी त्यालाच फरार सांगत होता. केस होती दोन वर्षांपूर्वीच्या गोटमारीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा चढवतात, आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव दगड भिरकावतात. हातानं फेकलेल्या दगडाला पोलीस डोळेझाक करतात, पण गोफणीला बंदी आहे. त्या दिवशी कुणा मयूर खोडेच्या कमरेला गोफण सापडली आणि तो पोलिसाच्या हाताला झटका देऊन पळाला. वडिलांच्या नावाची जागा कोरीच होती.

मयूर तेव्हा नागपूरला शिकत होता. ते कोर्टात सिद्ध झालं असतं, पण कोर्टाला घाई नसते. रुजू व्हायची शेवटची तारीख मात्र सोमवार होती. मुंशी वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "ज्याची केस आहे त्याले आणा. त्यानं बयान दिलं का मी लिहून देतो, हा पोट्टा तो नाही म्हणून. नाही त मी का करू?"

रविवारी सकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "गाडी काढा."

माझं सासर सौंसरला. नवरा, विनोद, तिथल्या सरकारी शाळेत मास्तर. आदल्या दिवशी मी मतदार यादी, फेसबुक, बचतगटातल्या बाया, जे हाताशी लागलं ते सगळं चाळलं होतं. आमचा सोडून आणखी तीन मयूर खोडे निघाले. एक लोधीखेड्याला, एक मोहगावला आणि एक तिगावला. तिघांतला एक गोफणवाला असणार, आणि मी त्याची कॉलर धरून त्याला ठाण्यात नेणार, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. विनोद चहा पिता पिता नुसतं "हं" म्हणाले.

लोधीखेड्याचा मयूर खोडे विमा एजंट निघाला. पायाला पोलिओ, हातात कुबडी. त्यानं आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि मी गोटमारीचं विचारताच हसला. "ताई, मी दगड मारून पळीन कसा?" मग विनोदरावांना पॉलिसी समजावू लागला. मी उठले नसते तर त्यानं सही घेतलीच असती.

मोहगावच्या मयूर खोडेचा मंडप-डीजेचा धंदा. तो गड्यांकडून ट्रकात बांबू भरून घेत होता. माझा प्रश्न संपायच्या आधीच तो अंगावर आला.

"माह्या नावावर केस लटकवाले आले काय? कोन पाठवलं तुमाले?"

त्याचे गडी हातातले बांबू तसेच धरून भोवती जमले. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. मी विनोदकडे पाहिलं. वाटलं, मास्तर आहेत, दोन शब्द बोलतील. ते हेल्मेट हातात घेऊन जमिनीकडे बघत होते. शेवटी त्या मयूरच्या आईनंच घरातून येऊन सांगितलं की त्या पोळ्याला पोरगा बैतूलकडे लग्नाचा मंडप घालायला गेला होता, आणि वर मलाच झापलं. "नाव सारखं असलं म्हणून कोनाच्याबी दारात येतं काय व बाई?"

तिचं काही चुकलं नव्हतं.

"आता तिगाव," मी गाडीवर बसत म्हटलं. "तो सरकारी दवाखान्यात नर्स आहे म्हणतात."

विनोदनं किक मारता मारता पाय थांबवला. "नर्स? मग तो कायले राहीन गोफण घेऊन? जाऊ दे ना. घरी चाल."

"इतकं फिरलो, आन् आता शेवटचा सोडून देऊ?"

"रजनी, ऊन होऊन राहिलं."

डिसेंबरात ऊन! वाटलं, बांबू पाहून मास्तर घाबरले.

तिगावला स्टेशनच्या अलीकडे त्या मयूर खोडेचं घर. अंगणात संत्र्याचा ढीग, घरची माणसं मोठी-लहान फळं वेगळी करत बसलेली. मयूर उठून आला, तिशीतला, शांत चेहऱ्याचा. मी सगळं सांगितलं आणि तो कपाळाला हात लावून हसला.

"अरे बाप्पा! तो? ताई, त्याले मीच टाके मारले होते."

मला समजेना. तो सांगू लागला. गोटमारीच्या दिवशी नदीजवळ जखमींसाठी तंबू असतो, तिथं त्याची ड्युटी होती. "सकाळपासून डोस्कीच शिवून राहिलो होतो. एक जन आला, तोंड पूर्न रक्तानं भरलेलं. टाके झाल्यावर चिठ्ठीसाठी नाव विचारलं त म्हनते, मयूर खोडे. मी म्हटलं, भाऊ, माहंच नाव लावता काय? तो असा दचकला का विचारू नका. तेवढ्यात पोलिसाले त्याच्या कमरेची गोफण दिसली. पोलिसानं चिठ्ठीवरचं नाव उतरवलं, आन् हा पठ्ठ्या पट्टी बांधेपर्यंतबी थांबला नाही."

"म्हनजे नाव खोटं?"

"त्या दिवशी खरं नाव कोन सांगते, ताई? जो तो दुसऱ्याचं ठोकून देते. मी चिठ्ठ्या वाचल्या त अर्धं गाव सावरगावच्या सरपंचाच्या नावानं शिवून गेलं."

मग सगळी सकाळ मी चुकीच्या माणसांच्या मागे होते. नाव असलेल्यांना शोधत होते, आणि नाव सांगणारा वेगळाच होता. आता त्याला कुठे शोधायचं?

"त्याले पाहिलं त वळखान?"

"चेहरा नाही सांगता येत. पन टाके वळखीन. उजव्या कानाच्या वरती, तिरपे. भोवरा वाचवून थोडे वाकवले होते. माह्या हातचं शिवन आहे ते." त्यानं माझ्यामागे पाहिलं. "भाऊ, तुमी उभेच? हेल्मेट काढा, चहा घ्या."

मी वळले. लोधीखेड्याला हेल्मेट काढलं होतं. मोहगावला काढलं होतं. इथं, माणसाच्या अंगणात, संत्र्याच्या ढिगाशेजारी, माझा नवरा काच खाली ओढून उभा होता.

"उशीर होऊन राहिला," ते म्हणाले.

दर रविवारी त्या डोक्याला तेल मी लावते. उजव्या कानावरून वर सरकलं की बोटाला ती तिरपी रेघ लागते, भोवऱ्यापाशी वाकलेली. दोन वर्षांपूर्वी आम्ही पोळ्याला पांढुर्ण्याला आलो होतो. गोटमारीच्या दुपारी हे सावरगावच्या एका दवाखान्यातून डोक्याला पट्टी बांधून आले आणि म्हणाले, गाडी घसरली. आईनं दृष्ट काढली होती.

मी त्या भल्या माणसाला नमस्कार केला आणि गाडीवर बसले. तोंड उघडलं असतं तर तिथंच ओरडले असते.

पांढुर्ण्याच्या वाटेवर रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडीची वाट पाहत विनोदनं गाडी थांबवली. मी उतरले.

"काढा ते."

त्यांनी हेल्मेट काढलं. चेहरा घामानं भिजला होता.

"कायले उतरले होते नदीत?"

"बाबा म्हनत ना, सौंसरचे जवाई नुसते पुलावरून पाहातेत. साऱ्यायच्या समोर म्हनत. म्हनून उतरलो. गोफन कोनीतरी हातात देली." ते रुळांकडे बघत होते. "माहं नाव लिहून गेलं असतं त सस्पेंड झालो असतो. मयूर नागपूरले होता. म्हटलं, तो गावातच नाही त त्याले काय होते? तोंडात तेच नाव आलं."

"आन् आज? आज मले मांगं बसवून दारोदार कायले फिरवलं?"

त्यांनी हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवलं.

"एखादा सापडला असता त त्याच्या गळ्यात केस बांधाची होती?"

मालगाडी आली. डब्यामागून डबे जात राहिले आणि ते काही बोलले नाहीत. त्या न बोलण्याचा मला जितका राग आला तितका गोफणीचाही आला नव्हता. त्या कुबडीवाल्यासमोर बसून यांनी पाणी प्यायलं होतं.

गाडी गेल्यावर ते हळूच म्हणाले, "माही नोकरी गेली त आपलं कसं? घर तुहंबी आहे, रजनी. विचार कर."

मी विचार केला. खरंच केला. ते घर माझं होतं, आणि फाटकापलीकडचं बाबांचं घरही माझंच होतं. एकात चूल पेटावी म्हणून दुसऱ्यात अंधार करायचा, हा हिशोब मला जमेना. गप्प बसावं असं क्षणभर वाटलं, आणि त्याच क्षणी स्वतःची किळसही आली.

"मी कोनाले नाही सांगनार," मी म्हटलं. "बाबा आज तुमच्या पायावर पानी घालतीन, नेहमीसारखं. ते घेता आलं त घ्या."

बाबा दारातच होते. शालिकराम खोडे, वय झालेलं, पण जावई आला की आजही स्वतः तांब्या घेऊन पुढे येतात. आमच्याकडे ती रीतच आहे.

"या जवाईबापू. माह्या पोराच्या मांगं तुमी सकाळपासून वनवन फिरून राहिले. सख्खा भाऊ करत नाही इतकं." ते वाकले आणि विनोदच्या पायावर पाणी ओतू लागले. मागून मयूर आला. डोळे सुजलेले, तरी हसला आणि पाया पडायला खाली वाकला.

"भाऊजी, नाही सापडला त राहू द्या. तुमी केलं ते लय झालं."

विनोदनं त्याचे दोन्ही दंड धरले आणि वाकूच दिलं नाही. बाबांच्या हातातला तांब्या काढून ओट्यावर ठेवला. ओल्या पायांनीच चपला घातल्या.

"मयूर, चाल. ठाण्यात जाऊ."

"आज? कायले?"

"चाल म्हटलं ना."

बाबा माझ्याकडे पाहू लागले. मी पदर खोचला आणि त्या दोघांच्या मागे निघाले.

मुंशी डबा खात होता. विनोद त्याच्या टेबलासमोर उभे राहिले आणि डोकं पुढे करून उजव्या कानावरचे केस बाजूला केले. "हे टाके त्या दिवशीचे आहेत. तिगावचा नर्स वळखीन. नाव मी खोटं सांगतलं होतं." मुंशीचा घास हातातच राहिला. मयूरला समजायला वेळ लागला. समजलं तसा त्यानं विनोदचा हात ओढला.

"भाऊजी, राहू द्या. चाला घरी. ताई, सांग ना यायले. मले नाही पायजे ती नोकरी."

माझा भाऊ रडत होता आणि माझा नवरा डोकं पुढे करून तसाच उभा होता, आणि मला दोघांनाही एकदम कवटाळावंसं वाटत होतं.

"लिहा, साहेब," विनोद म्हणाले.

मुंशीनं हात धुतले, कागद ओढला. "नाव?"

"विनोद घाटोडे."

"वडिलाचं?"

"सुधाकर."

"धंदा?"

विनोदनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सकाळपासून पहिल्यांदाच काही लपलेलं नव्हतं. "मास्तर," ते म्हणाले. "सरकारी शाळेत."

मुंशी लिहीत गेला. मग त्यानं मान वर करून मला विचारलं, "बाई, आन् तुमी कोनाकडून आल्या?"

"फरारची बायको," मी म्हटलं. "आन् मयूर खोडेची बहीन. दोन्ही लिहा."