बंद दारासमोरची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, सुताराने मला उरल्यासुरल्या फळ्यांतून ठोकले, त्यामुळे माझा एक पाय आखूडच राहिला. शिंपीमास्तरांनी त्याखाली चिंध्यांची घडी सरकवली आणि मला दुकानात शिलाई मशीनपुढे मांडले. तेव्हापासून माझ्या पाठीवर त्यांचा टेप आणि मांडीवर स्वतः मास्तर! गिऱ्हाइकांना ते सांगायचे, "खुर्ची कसली, भागीदार आहे माझी." मी मनातल्या मनात फुलून जायचे.

मग साथ आली. दुकानाला टाळे लागले आणि मास्तरांनी मला घरी आणले. थोड्याच दिवसांत त्यांना ताप भरला. त्यांची रवानगी मागच्या खोलीत झाली आणि माझी त्या खोलीच्या दारासमोर. त्यांची बायको माझ्यावर ताट ठेवायची, दार वाजवायची आणि पार स्वयंपाकघरापर्यंत मागे सरायची. मग मास्तर दार उघडून ताट आत न्यायचे. जेवण झाले की आतल्याच न्हाणीघरात ते घासायचे आणि परत माझ्यावर आणून ठेवायचे. नियमच होता तसा, आजारी माणसाने आपली भांडी आपणच घासायची.

ताट नेहमी लख्ख यायचे.

"बाबा, जेवलात ना?" त्यांची मुलगी चिमी लांबूनच ओरडायची.

"अगं, ताट बघ की! चाटूनपुसून खाल्लंय."

बाईंचा जीव भांड्यात पडायचा. माझा मात्र टांगणीला लागला होता. ताट ठेवताना मास्तर माझ्यावर हात टेकायचे. आधी नुसती बोटे, मग पंजा, मग अख्ख्या अंगाचा भार. हात इस्त्रीसारखा तापलेला असायचा. इतकी वर्षे ज्यांना मांडीवर घेतले, त्यांचे दुखणे मला कळणार नाही? पण मला कुठे तोंड आहे! मी कुरकुरले, जोरजोरात कुरकुरले. जुनी खुर्ची, कुरकुरणारच, असे सगळ्यांना वाटले.

एका दुपारी ताट ठेवायला आलेले मास्तर माझ्यावरच बसले.

"अहो, आत जा ना! पोरगी घरात आहे!"

"जातो गं... जरा दम लागलाय."

ते उठलेच नाहीत. बाई मास्क सावरत धावत आल्या. उघड्या दारातून त्यांना कॉटखाली गाठी मारलेल्या पिशव्या दिसल्या. त्यांत रोजचे जेवण जसेच्या तसे होते.

"हे काय केलंत तुम्ही?"

"घास उतरत नव्हता गं. तुला कळलं असतं तर दवाखान्यात धाडलं असतंस. तिथे कुणाला भेटू देत नाहीत."

 बाई फोनकडे धावल्या. गाडी आली आणि मास्तरांना घेऊन गेली.

मला औषधाच्या पाण्याने भिजवून अंगणात टाकले. चिमीसुद्धा वळसा घालून जायची. ऊन-पाऊस खाऊन माझा रंग उडाला, पण त्याचे मला काही वाटले नाही. माझा माणूस परत येतो की नाही, एवढीच धास्ती होती.

मास्तर परत आले. फाटकातून आत शिरताच आधी माझ्यावरच टेकले. इतके हलके, की क्षणभर मला त्यांची ओळखच पटली नाही.

मित्रांनो, साथीत लांब राहायलाच हवे. पण लांबून का होईना, आपल्या माणसाचा चेहरा रोज नीट बघा. लख्ख ताटावर विसंबू नका. आणि आजारी पडलात, तर घरच्यांपासून लपवू नका.

हल्ली मी स्वयंपाकघरात असते. मास्तर माझ्यावर बसून हळूहळू जेवतात. बाई समोर बसून एकेक घास बघतात. सवयीने ते ताट उचलायला गेले, की त्या हातातून काढून घेतात.

"द्या इकडे. तुमचं ताट आता मीच घासणार."