जुने रेकॉर्ड मिळतील

मित्रांनो, मी पाटी आहे. तुमच्या दप्तरातली नव्हे, दुकानाच्या शटरवरची. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, लोखंडी पत्रा आणि सागाची चौकट. वय बत्तीस वर्षे. माझं काम एकच : खाली काय मिळतं ते सांगणं. पहिली एकोणतीस वर्षं मी ते चोख केलं. मधली दोन वर्षं सांगण्यासारखं काही नव्हतं. शेवटच्या एका वर्षात मात्र मी इतक्या माणसांना चुकीच्या दारात पाठवलं, की आता गप्प बसवत नाही. दोष थोडा माझ्या अक्षरांचा आहे. बराचसा वाचणाऱ्यांचा आहे.

माझा जन्म नांदेडच्या इतवाऱ्यात, मुज्तबा पेंटरच्या ओट्यावर झाला. त्याने पत्र्याला लाल प्रायमर दिला, दोन दिवस उन्हात वाळवलं, खडू लावलेली दोरी ताणून रेघा मारल्या आणि पितळी पिवळ्या रंगात लिहिलं : 'अमृत मेटल मार्ट'. प्रत्येक अक्षराला काळी सावली दिली. खाली बारीक : 'जुनी मोड घेतली जाईल'. मोड म्हणजे फुटकी, चेपलेली भांडी. ती द्यायची आणि नवी न्यायची. मालक अमृतराव शटर उघडण्याआधी मला ओल्या फडक्याने पुसत. लोक पत्ता सांगताना म्हणत, त्या पिवळ्या पाटीपासून डावीकडं वळा. मला स्वतःचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

मग अमृतरावांचे गुडघे गेले. ते लातूरला मुलाकडे राहायला गेले आणि शटर दोन वर्षं बंद राहिलं. चौकटीच्या खालच्या पट्टीवर बोटभर धूळ साचली. कबुतरांनी काय केलं ते लिहीत नाही.

अशात एका दिवाळीत अमृतरावांची भाची तनुजा आली. लातूरला कॉलेजच्या वसतिगृहात असताना अफसाना नावाच्या मैत्रिणीने तिच्या कानात हेवी मेटलचं एक गाणं घातलं होतं. हे तिने मुज्तबाला सांगितलं, म्हणून मला माहीत. पहिल्या दिवशी तिला वाटलं, यंत्र बिघडलंय. तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, आपल्या पोटातल्या रागाला कुणीतरी ढोल आणून दिलाय. त्यानंतर हैदराबादच्या जुन्या बाजारातून तिने एकेक करून दोनशे चाळीस रेकॉर्डी जमवल्या आणि मामांकडे दुकान मागितलं.

मामांना झेरॉक्सचं दुकान हवं होतं. सगळ्या कचेऱ्या जवळ, कागद घेतलेली माणसं दिवसभर समोरून जातात. गाणी लोक फोनवर ऐकतात, रेकॉर्ड कोण विचारणार, असं ते म्हणाले. तेव्हा तनुजाने स्वतःच अट घातली.

"मामा, पुढच्या दिवाळीच्या पाडव्यापर्यंत एक गिऱ्हाईक. आला, बसला आणि रेकॉर्डची एक बाजू पूर्ण ऐकून उठला, असा एक. नाही मिळाला तर मी स्वतः झेरॉक्सचं यंत्र आणते."

"एक बाजू म्हणजे किती वेळ?"

"वीस-बावीस मिनिटं."

"एवढा वेळ माणूस पंगतीत बसत न्हाई, तनू," मामा म्हणाले आणि किल्ली दिली.

मला पुन्हा मुज्तबाच्या ओट्यावर नेलं. त्याचे केस आता मेंदीने लाल झाले होते. त्याने 'अमृत' आणि 'मार्ट' पुसलं. 'मेटल'पाशी त्याचा हात थांबला. स्वतःच्या हातची तीस वर्षांपूर्वीची सावली त्याला पुसवेना.

"मेटल तो है च, बेटी. कायकू मिटाना? बाजू में हेवी लगा देतूं."

तनुजाने हो म्हटलं. ही पहिली चूक. दुसरी चूक एका अक्षराची आहे, आणि मी ती कधीच विसरणार नाही. तनुजाने कागदावर लिहून दिलं होतं : 'जुन्या रेकॉर्ड मिळतील'. मुज्तबाने उभा जन्म कचेऱ्यांच्या पाट्या रंगवल्या होत्या. त्याच्या हाताने सवयीने लिहिलं : 'जुने रेकॉर्ड मिळतील'. 'न्या'च्या जागी 'ने'. रंग वाळल्यावर तनुजाच्या लक्षात आलं. एका अक्षराने काय होतं, असं ती म्हणाली.

काय होतं ते ऐका. आमच्याकडे गाण्याची रेकॉर्ड ती असते, आणि कचेरीतलं रेकॉर्ड ते असतं. गेली दोन-तीन वर्षं मराठवाड्यात घरोघरी दाखल्यांसाठी निजामाच्या काळातलं जुनं रेकॉर्ड शोधणं चाललंय. पणजोबाची नोंद, जमिनीचं खासरा पत्रक, फेरफार. अशा वेळी भर रस्त्यावर, पिवळ्या ठळक अक्षरांत मी लोकांना सांगत होते, की जुने रेकॉर्ड मिळतील.

पहिल्याच आठवड्यात रांग लागली. तनुजा प्रत्येकाला सांगे, इथे गाण्यांच्या रेकॉर्ड आहेत. माणसं माझ्याकडे बोट दाखवत. जे कागद घेऊन येत नसत ते भांडी घेऊन येत, कारण वर 'मेटल' होतं, आणि उन्हात माझ्या नव्या रंगाखालून 'जुनी मोड घेतली जाईल' अजून दिसत होतं. एका बाईने हेवीमधली कढई दाखवा म्हटलं. हलकी नको, बूड जळतं.

जे गाण्यांसाठी आले त्यांचंही ऐका. कॉलेजची मुलं येत, रेकॉर्ड छातीशी धरून फोटो काढत आणि अर्ध्या गाण्यात निघून जात. एका माणसाला लातूरच्या हॉटेलात लावायला रेकॉर्डींची भिंतीवरची घड्याळं करायची होती. मधलं भोक आयतंच आहे, म्हणाला. तनुजाने त्याला हात लावू दिला नाही. मला आतलं दिसत नाही, फक्त ऐकू येतं. सुई ठेवल्याचा आवाज यायचा, ढोल सुरू व्हायचे, माझा पत्रा थरथरायचा, आणि चौथ्या-पाचव्या मिनिटाला स्टूल सरकल्याचा आवाज यायचा. वर्षभर मी ते स्टूल ऐकत होते.

जूनमध्ये तिने मुज्तबाला बोलावून माझ्यावर आणखी एक ओळ लिहून घेतली : 'जमिनीचे रेकॉर्ड व भांडी नाहीत'. ओळ स्वच्छ होती, व्याकरण बरोबर होतं. मला वाटलं, सुटले. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या चहावाल्या निवृत्तीने पावसासाठी ताडपत्री बांधली, आणि तिची दोरी माझ्या उजव्या खिळ्याला अडकवली. ताडपत्रीचा कोपरा बरोबर एका शब्दावर आला. 'नाहीत' झाकला गेला. उरलं ते असं : जमिनीचे रेकॉर्ड व भांडी.

त्या दिवसापासून माणसं दुप्पट झाली. मी ओरडू शकत नव्हते. तनुजा आत होती आणि चिडून वर बघणं तिने कधीच सोडलं होतं. निवृत्तीला वाचायला वेळ नव्हता. एका शब्दासाठी मी चार महिने जळत राहिले.

मग धनत्रयोदशी आली. तुम्हाला माहीत आहे, त्या दिवशी लोक धातूची वस्तू विकत घेतात. सकाळी नऊला तनुजाने शटर वर केलं आणि बायकांचा घोळका आत शिरला. कुणाला समई हवी, कुणाला तांब्या. केवळाबाई नावाची एक म्हातारी सुनेला घेऊन आली होती. तिने एक रेकॉर्ड हातात घेऊन फिरवून पाहिली असावी, कारण बाहेर मला स्पष्ट ऐकू आलं.

"धनतेरसला मेटलचं दुकान मांडून बसली अन् वाटी न्हाई एक. ही काळी थाळी न्यावं म्हटलं, तर वरण मधल्या भोकातून गळंल की गं."

सगळ्या हसल्या. तनुजा हसली नाही. अकराच्या सुमारास एक वृद्ध माणूस आला. इस्लापूरचा सटवाजी. त्याला वाचता येत नव्हतं. गावातल्या कुणीतरी मला वाचून त्याला सांगितलं होतं, की नांदेडात जमिनीचं जुनं रेकॉर्ड दुकानात मिळतं. त्याने पिशवीतून कागद काढला. तनुजाने त्याकडे न बघताच इथे ते मिळत नाही म्हणून सांगितलं, आणि सांगण्याची तऱ्हा चांगली नव्हती. तो म्हणाला, गाडी पाचला हाय, बसतो जरा. दाराआडच्या स्टुलावर तो बसला आणि गर्दीत ती त्याला विसरून गेली.

दुपारी तीनला तिने शटर अर्धं खाली ओढलं. पाडव्याला तीन दिवस उरले होते. तिने निवृत्तीकडून चहा मागवला नाही, कुणाला फोन केला नाही. तिची सगळ्यात आवडती रेकॉर्ड लावली आणि आवाज पूर्ण केला. ढोल असे आले की माझा खालचा खिळा सैल झाला. मग तो गाणारा माणूस ओरडू लागला. बावीस मिनिटं. स्टूल सरकलं नाही.

सुई उचलल्याचा आवाज आला. मग आतून कुणीतरी विचारलं,

"माय, ह्या माणसाला काय झालंय?"

काहीतरी खाली पडलं. बहुतेक रेकॉर्डचं पाकीट.

"राग आलाय त्याला, बाबा," तनुजा म्हणाली.

"कशाचा?"

"त्याचं कुणी पूर्ण ऐकून घेत नाही, त्याचा."



"मग बरोबर हाय. मी बी चार महिने हेलपाटे घालून राहिलो. अर्धं सांगितलं की म्हणतात, पुढच्या खिडकीवर जा. मला असं वरडाया येत न्हाई, एवढंच."

"तुम्ही एवढा वेळ बसून ऐकलंत?"

"त्याचं सांगून झालं न्हवतं. मधीच कसं उठावं?"

तनुजाने त्याचा कागद मागून घेतला. तो जुन्या शेतसाऱ्याची पावती होती, उर्दूत. तिने निवृत्तीच्या टपरीवर चहा पीत बसलेल्या मुज्तबाला हाक मारली. तो माझ्याखाली, पायरीवर बसला, चष्मा पुसला आणि पहिल्या शब्दापासून वाचू लागला. नाव, बापाचं नाव, गाव. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून थांबला.

"चाचा, ये तुम नांदेड में कायकू ढूंढ रै? नीचे साफ लिखा है. तालुका बोथ, जिल्हा आदिलाबाद. उस जमाने में इस्लापूर उधर था."

चार महिन्यांत तो कागद किती हातांतून गेला असेल याची मोजदाद नाही. शेवटची ओळ कुणी वाचली नव्हती. वर्षभर तशाच लोकांवर चिडलेल्या तनुजानेही सकाळी ती कुणाकडून वाचून घेतली नव्हती. सटवाजीने कागदाची घडी केली. रागावला नाही. आदिलाबादची गाडी इस्लापुरावरूनच जाते, एवढंच म्हणाला.

पाडव्याला अमृतराव लातूरहून आले. काठी टेकत माझ्याखाली उभे राहिले आणि पहिला प्रश्न तोच विचारला. तनुजाने लपवाछपवी केली नाही.

"एकानं पूर्ण बाजू ऐकली, मामा. पण तो गाण्यासाठी आला नव्हता. नोंद शोधायला आला होता. तो धरायचा नाही. मी यंत्र बघून ठेवलंय."

अमृतरावांनी तीस वर्षं तराजू धरला होता. त्यांनी जरा विचार केला.

"तू अट काय घातली होतीस? शब्द सांग."

"आला, बसला आणि एक बाजू पूर्ण ऐकून उठला."

"कशासाठी आला, हे होतं का त्यात?"

"नव्हतं."

"मग जे न्हाई ते आता कशाला घालतीस? दुकान तुझं. पण ती पाटी नीट करून घे आधी. मलाच वाटलं, तू भांडी इकून राहिलीस."

मित्रांनो, गोष्ट इथे गोड करून संपवता आली असती. पण जे झालं ते सांगते. दिवाळी होऊन दोन महिने झाले. मुज्तबाचा उजवा खांदा धरला आहे, त्यामुळे 'ने'चं 'न्या' अजून झालेलं नाही. पावसाळा संपला तरी निवृत्तीची ताडपत्री उन्हासाठी राहिली आहे. कालच दोघंजण सातबारा मागून गेले. झेरॉक्सचं यंत्र आलं नाही, रांगही लागली नाही. तनुजा मात्र आता आलेल्या माणसाचा कागद आधी शेवटपर्यंत वाचते, मग नाही म्हणते.

गेल्या सोमवारी सटवाजी पुन्हा आला होता. आदिलाबादेत अर्ज दिलाय, उत्तर यायचंय, असं त्याने सांगितलं. नांदेडात आता त्याचं काही काम नव्हतं. स्टुलावर बसून म्हणाला,

"त्या बाप्याची दुसरी बाजू राहिली होती ऐकायची."

तेव्हा तुम्हाला एकच विनंती. पाट्यांवरची धूळ कुणी पुसत असेल तर पुसू द्या, तुम्हाला जमलं तर तुम्हीही पुसा. आणि पाटी असो, कागद असो की माणूस, शेवटपर्यंत वाचा. आपल्या भाषेत 'नाही' हा शब्द वाक्याच्या अगदी टोकाला येतो. मधेच उठून गेलात, तर जे नाही तेच आहे असं समजून बसाल. कधी नांदेडला आलात आणि पिवळी पाटी दिसली, तर उजव्या कोपऱ्यातली ताडपत्री जरा वर करा. तिच्याखाली माझा एक शब्द आहे.