दाबून धरा, सोडू नका

गुणवंतरावांच्या जिभेला हाड नव्हतं. त्यांचा भाचा निकेश गोंडपिपरीत एका संगणकवर्गात मराठी टायपिंग शिकवायचा. बस, एवढंच. पण सिंदेवाहीजवळच्या तलावाकाठच्या गावात लटारूभाऊंच्या पोरीसाठी स्थळ सुचवताना मामा सांगून मोकळे झाले, "भाचा कंप्युटरचा डॉक्टर होय जी! नुसता हात लावते अन् मशीन उठून बसते."

आता असं काही बोलायचं असेल तर निदान समोरच्या घरात कंप्युटर नाही ना, एवढं तरी बघावं की नाही माणसानं? लटारूभाऊंच्या करिष्मानं मासे विकून आलेल्या स्वतःच्या पैशातून एक जुना लॅपटॉप घेतला होता. अख्ख्या गावाचे अर्ज ती त्यावर टाईप करून द्यायची. तो दिवाळीपासून मेल्यासारखा पडला होता. डॉक्टरचं स्थळ आलंय म्हटल्यावर ती बापाला म्हणाली, "येऊ द्या नं बाबा. पयले लापटाप चालू करून दाखवा म्हणा, मंग बाकीचं पाहू."

निकेशला यातलं काही माहीत नव्हतं. तो नवा शर्ट घालून ओसरीत बसला, पोहे खाल्ले, आणि करिष्मा ट्रे घेऊन बाहेर आली तसा तो पार विरघळला. पोह्यातली मिरची दाताखाली आलेली त्याला कळलीसुद्धा नाही. चहा घ्यावा म्हणून त्यानं हात पुढे केला, तर ट्रेमध्ये लॅपटॉप!

"दिवाळीपासून बंद हाय," करिष्मा म्हणाली. "तुम्ही डॉक्टर होय म्हणते."

निकेशनं मामांकडे पाहिलं. मामा छताची कवेलू मोजायला लागले.

त्यानं बटण दाबलं. काही नाही. चार्जर लावला, नशिबानं लाईन होती, पुन्हा दाबलं. तरी काही नाही. काहीतरी करायचं म्हणून त्यानं लॅपटॉपला कान लावला. करिष्माची आई सुगंधाबाई काळजीनं पुढे सरकली.

"ताप हाय का जी?"

"नाई बाई, थंड हाय," निकेश म्हणाला. आणि त्या क्षणी तोही थंडच पडला होता. ही पोरगी हातची जाणार, हे त्याला लख्ख दिसत होतं, आणि ते त्याला अजिबात नको होतं.

मग त्याला गोपाल आठवला. गोपाल त्याचा दोस्त, चंद्रपुरात लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात कामाला. पण मोबाईलला टॉवर कुठे होता?

"टावर पाळीवर भेटते," लटारूभाऊंनी बोट दाखवलं. तलावाची पाळ म्हणजे मातीचा बांध, घराच्या अगदी मागे. हाक मारली तर ओसरीत ऐकू येईल इतका जवळ.

"मी वरून सांगत जातो," निकेश करिष्माला म्हणाला, "तुम्ही इथी करत जा." आणि तिनं काही विचारायच्या आत तो पाळीवर चढला.

फोन लागला. गोपालनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आत करंट अडकून असन. चार्जर काढ, बॅटरी काढ. बटण अर्धा मिनट दाबून धर, सोडू नोको. मंग बॅटरी न लावता नुसत्या चार्जरवर चालू करून पाय."

निकेशच्या जिवात जीव आला. त्यानं घराकडे तोंड केलं आणि फेफडं फाटेस्तोवर ओरडला, "बॅटरी काढा! लवकर बॅटरी काढा!"

आता गोंडपिपरीच्या या शहाण्याला कोण सांगणार, की त्या गावात बॅटरी म्हणजे टॉर्च? आणि पाळीवरून 'बॅटरी काढा' अशी हाक आली, की तिचा एकच अर्थ, तलावात मच्छीचोर शिरले! त्या महिन्यात चोरांनी जाळी टाकून चांगली पोसलेली रोहू पळवली होती. सगळा मोहल्ला आधीच पिसाळलेला.

दुपारची झोप टाकून मोहल्ला उठला. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात वल्हं, आणि झाडून सगळ्यांच्या हातात बॅटऱ्या. टळटळीत उन्हात त्या पेटवून लोक पाळीवर धावले. सगळ्यात पुढे तलावाचा राखणदार दसरूभाऊ, अंगानं भरभक्कम आणि कानानं जरा कमी.

निकेशला वाटलं, वा! किती मायाळू गाव आहे! एका लॅपटॉपसाठी सगळे धावून आले. त्यानं त्यांना हात केला आणि फोन कानाला लावूनच पुन्हा घराकडे ओरडला, "आता दाबून धरा!"

"कोणाले?" दसरूभाऊंनी विचारलं. मग इकडेतिकडे पाहिलं. पाळीवर परका माणूस एकच होता.

"हाच होय रे! धरा!"

"सोडू नका!" निकेश घराकडे बोंबलला.

"नाई सोडत!" दसरूभाऊ म्हणाले आणि त्याला चिखलात पालथा पाडून पाठीवर बसले. स्वतःलाच धरायचा हुकूम देणारा चोर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण सांगितलेलं काम चोख करायची त्यांची सवय होती. आणखी दोघं पायांवर बसले.

फोन चिखलात पडला. त्यातून गोपालचा आवाज येत होता, "हॅलो? दाबलं का बे?"

"दाबलं रे बापा!" चिखलात तोंड खुपसलेला निकेश कण्हला. "लय जोरात दाबलं!"

"मंग ठीक हाय. होऊ दे अर्धा मिनट."

ते अर्धं मिनिट निकेशला पोळ्यापासून होळीपर्यंत लांबल्यासारखं वाटलं. शेवटी त्यानं उरलासुरला दम गोळा केला. "सोडा! आता सोडा! नुसता चार्जर लावा!"

"चार्जर कोण होय?" दसरूभाऊंनी बाकीच्यांना विचारलं. "याचा साथीदार दिसते."

साथीदार काही सापडला नाही. मग त्यांनी निकेशला उचललं आणि वरात लटारूभाऊंच्या अंगणात आणली. गुणवंतराव मामा झटकन दाराआड गेले. सख्खा मामा हो! लाज वाटायला पाहिजे माणसाला.

"अरे, काऊन धरलं याले?" लटारूभाऊ ओरडले. "हा आमचा पाव्हणा होय!"

दसरूभाऊंनी खात्री करायला निकेशच्या चिखलभरल्या तोंडावर बॅटरी मारली. तेवढ्यात ओसरीतून टिंग टिडींग असा आवाज आला. सगळे वळले. लॅपटॉपचा पडदा निळाशार उजळला होता.

"बाप रे!" लटारूभाऊंनी कपाळाला हात लावला. "हात बी नाई लावला! पाळीवरून दुरुस्त केला पोरानं!"

"मी काय म्हणत होतो!" मामा दाराआडून बाहेर आले.

करिष्मा पायरी उतरून निकेशसमोर उभी राहिली. "खरं सांगा. तुम्हाले येते का दुरुस्त कराले?"

मामांनी कोपर मारलं. एक 'हो' म्हटलं की झालं, सोयरीक पक्की. निकेशच्या ओठावर तो 'हो' आलासुद्धा होता. पण लॅपटॉप आज ना उद्या पुन्हा बंद पडणार, आणि दर वेळी पाळीवर जाऊन दसरूभाऊंना पाठीवर घ्यायची त्याची छाती नव्हती. शिवाय या पोरीच्या डोळ्यांत पाहून खोटं बोलणं त्याला जमेना.

"नाई जी," तो म्हणाला. "मले टायपिंग येते. मराठी. बाकीचं दोस्ताले विचारून राह्यलो होतो."

लटारूभाऊंचा चेहरा उतरला. मामा मटकन खाली बसले. निकेशनं मान खाली घातली आणि तो चपला शोधू लागला. त्याला रडू येत होतं, आणि चिखलामुळे ते कोणाला दिसत नव्हतं, एवढंच बरं.

"मंग चालू कोणं केला?" करिष्मानं विचारलं.

"तुम्ही."

"होय नं? न सांगता चार्जर काढला मी, पलटवून बॅटरी काढली मी, बटण दाबलं मी." ती बापाकडे वळली. "बाबा, इथी डॉक्टर तं मीच निघाली. मले डॉक्टर कायले पायजे मंग? मले कंपाउंडर पायजे. न लाजता विचारून येईन असा, अन् खरं सांगन असा. याईलेच हो म्हणा."

लटारूभाऊ पोरीकडे पाहतच राहिले. सुगंधाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"चालन का जी तुम्हाले?" करिष्मानं निकेशला विचारलं.

"चालन!" निकेश इतक्या जोरात ओरडला, की मागच्या आळीतून आणखी दोघं जण बॅटऱ्या घेऊन धावत आले.