‘छान’ म्हणायला बंदी

मी एक जुनी लाकडी पळी आहे. जुनी म्हटलं म्हणून मला गुमान बसणारी समजू नका हं, मित्रांनो. माझा जन्म एका मोडक्या पलंगाच्या पायापासून झाला, तरी झोपेशी माझं कधीच पटलं नाही. सुताराने मला तासलं, घासलं, तेल चोळून फळीवर ठेवलं, आणि मी लगेच गडगडत खाली आले. पुन्हा ठेवलं, पुन्हा आले. "ही एका जागी टिकायची नाही," असं म्हणून त्याने पहिल्या आलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात मला कोंबलं. ते गिऱ्हाईक म्हणजे आत्या.

तशी ती सगळ्या गल्लीची आत्या. सख्खी मात्र एकीचीच, शेजारच्या दुकानात कपडे शिवणाऱ्या भाचीची. घराच्या खालच्या मजल्यावर आत्याची खाणावळ होती. गल्ल्यावर आतोबा बसायचे. ते निवृत्त बस ड्रायव्हर. बोलणं असं खणखणीत की गिऱ्हाइकं त्यांना 'हॉर्न' म्हणायची, आणि त्यांना ते आवडायचं.

माझं काम ढवळायचं आणि चव दाखवायचं. चव दाखवणं जास्त महत्त्वाचं. कारण या स्वयंपाकघरात एक विचित्र नियम होता: 'छान' म्हणायला बंदी! त्याचं असं झालं, की एकदा आतोबांनी वर्तमानपत्रात डोकं घालून ताट चाटूनपुसून साफ केलं आणि म्हणाले, "छान!" त्या दिवशी आत्या भाजीत मीठ घालायलाच विसरली होती. झालं! आत्याचा पारा चढला. तेव्हापासून जो कोणी माझ्यावरून चव घेईल त्याने काय लागलं ते नीट सांगायचं. नाहीतर दुसरा घास नाही.

सुरुवातीला लोकांची त्रेधा उडाली. पण हळूहळू त्यांच्या जिभेला धार आली. टोमॅटोचं सूप चाखून आतोबा म्हणाले, "आधी गोड, मग आंबट, आणि आता मागून कुणीतरी चिमटा काढतंय." पोस्टमनने कांद्याचं सूप घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "बूट काढून पाय मोकळे सोडल्यासारखं वाटलं बघा." भाची तोंडातल्या टाचण्या काढून, चव घेऊन, टाचण्या परत तोंडात ठेवायची. मग टाचण्यांमधूनच काहीतरी पुटपुटायची, ते फक्त आत्यालाच कळायचं. मी तेव्हा नुसती मिरवत होते. एका पातेल्यातून निघाले की दुसऱ्यात, दुसऱ्यातून कुणाच्या तरी ओठांशी. माझ्या चुळबुळ्या स्वभावाला याहून चांगलं काय हवं?

मग आत्याला ताप आला. बरेच दिवस मी खिळ्याला टांगलेली होते. वाऱ्याने हलायचे आणि भिंतीवर टकटक करायचे. ताप उतरला, आत्या परत चुलीपाशी आली. तिने लोण्यात लसूण परतला, पाणी घातलं, मला बुडवून ओठांशी नेलं. आणि थांबली. पुन्हा बुडवलं. पुन्हा थांबली. मीठ घातलं, पुन्हा मला बुडवलं. मित्रांनो, माझ्या अंगात इतक्या वर्षांचे स्वाद मुरलेत. मला कळत होतं की सूप भलतंच खारट झालंय. तिला कळत नव्हतं.

ती कुणाला काही बोलली नाही. अंदाजाने, हाताच्या सवयीने रांधत राहिली. पण तिला चैन कशी ती नव्हती. घरात कुणी नसलं की एकेक डबा उघडायची, नाक खुपसायची, बंद करायची. लिंबाची साल चुरगळून हुंगायची. साबण हुंगायची. एकदा तर आतोबांचा मोजाही हुंगून पाहिला, म्हणजे बघा कुठवर वेळ आली होती! ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत तिच्या येरझाऱ्या चालायच्या. पोस्टमन हल्ली ताट अर्धं ठेवून उठत होता. मला ओरडून सांगावंसं वाटे, अरे, कुणीतरी विचारा तिला! पण लाकडाला तोंड कुठे असतं?

शेवटी भाचीने विचारलं. तिने माझ्यावरून चव घेतली, तोंड वाकडं केलं आणि मला आत्यापुढे धरलं.

"आत्या, तूच सांग. कसं झालंय आज?"

आत्याने चाखलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग म्हणाली, "छान झालंय."

आतोबांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. भाचीच्या तोंडातून टाचण्या पडल्या.

"आत्या, तू 'छान' म्हणालीस?"

आत्या मटकन स्टुलावर बसली. "काहीच लागत नाही गं मला. ना वास, ना चव. कागद चघळल्यासारखं वाटतं. कुणाला सांगू? जिला चवच कळत नाही ती कसली स्वयंपाकीण?" आणि ती पदरात तोंड लपवून रडली.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित येणारही नाही, वाट बघा. वाट बघा म्हणे! मला तर वाट बघणं म्हणजे शिक्षाच वाटते, आणि आत्या माझ्याहून उतावळी. तिने चुलीकडे पाठ फिरवली. भाची दुकान सांभाळून जमेल तसं रांधू लागली. तिला स्टीलचा चकचकीत डाव आवडायचा. मी पुन्हा खिळ्यावर. अंगावर धूळ बसली, मुठीपाशी कोळ्याने घर केलं. मनात म्हटलं, आता बंब पेटवायलाच नेणार मला.

पण भाची मोठी चिवट. ती रोज आत्याला टेबलाशी बसवायची, समोर वाटी ठेवायची आणि विचारायची, "चव नाही ना, मग राहू दे. बाकी काय आहे ते सांग."

"काही नाही," आत्या करवादायची.

"गरम आहे?"

"आहे."

"मग गरम आहे असं म्हण की!"

आधी आत्या चिडून सांगायची. मग नुसतं सांगायला लागली. पावाची कड मोडताना कुडकुड वाजते. भाताचं शीत दाताखाली आधी दबतं, मग फुटतं. गार दूध घशातून उतरतं ते पार पोटापर्यंत कळतं. मी खिळ्यावरून बघत होते आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की या बाईने जन्मभर उभ्याउभ्या चव घेतली, पण बसून जेवताना मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. तरीही मधेच तिचा हात थांबायचा आणि ती माझ्याकडे बघायची.

एका दुपारी स्टीलचा डाव सापडेना. भाचीने मला खाली काढलं, धुतलं आणि सुपात घातलं. काय सांगू किती बरं वाटलं! तेवढ्यात दुकानाच्या दारात एक गिऱ्हाईक बाही आखूड झाली म्हणून तावातावाने ओरडू लागलं. भाची मला पातेल्याच्या काठावर टेकवून धावली. माझी मूठ कलली आणि खाली जाळापर्यंत पोचली. आधी ऊब लागली, मग चटका. मग माझ्यातून धूर निघू लागला. मित्रांनो, मी मनातल्या मनात किती तडफडले म्हणून सांगू! आतोबा गल्ल्यावर डुलक्या घेत होते. आत्या पलीकडच्या खोलीत खिडकीशी पाव मोडत बसली होती.

तिने मान वर केली. "अहो, काहीतरी जळतंय."

"कुठे काय? काही नाही," आतोबा डोळे न उघडता म्हणाले.

"लाकूड जळतंय! अहो, लाकूड!"

ती धावत आली. मला ओढून काढलं, जाळ फुंकून विझवला. पाण्यात मात्र घातलं नाही. माझी जळकी मूठ तिने नाकाशी धरली. हुंगली, परत हुंगली. भाची धापा टाकत दारात येऊन उभी राहिली. तिला सगळं कळलं. डोळे पुसत ती म्हणाली, "आत्या, कसा आहे वास? छान म्हणायचं नाही हं."

"जळका," आत्या म्हणाली. "कडू. धुरकट. नाकात झोंबतोय मेला. आणि इतका चांगला वास मी जन्मात घेतला नव्हता गं!"

त्या दिवशी सुपाची चव तिला लागली नाही. काही दिवसांनी आंबट कळलं, मग खारट. गोड अजून यायचंय. आत्या रोज माझ्यावरून चव घेते आणि रोज चिडते. पण आता ती बसून चिडते, समोर वाटी घेऊन.

माझी मूठ आता आखूड आणि काळी आहे. पोस्टमन म्हणतो, टाकून द्या ही. आत्या म्हणते, आधी तुला टाकीन.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. लाकडी पळीला पातेल्याच्या काठावर टाकून जाऊ नका. सगळ्यांचं नशीब माझ्यासारखं नसतं. आणि कुणी प्रेमाने चव दाखवली तर गिळून, 'छान' म्हणून मोकळे होऊ नका. जरा थांबा. जिभेला विचारा, नाकाला विचारा, मग सांगा. तुम्ही शब्द शोधत असता तेव्हा मी तुमच्या ओठांशी तशीच थांबलेली असते. आणि एका जागी थांबणं मला किती जड जातं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.