संदर्भसूचीतल्या आंटी

मंजूषा गेली पाच वर्षं भोपाळच्या एका युनिव्हर्सिटीत पाहुणी होती. कागदोपत्री तिचा हुद्दा ‘अतिथी विद्वान’. ही विद्वत्ता दर उन्हाळ्यात आपोआप संपायची आणि इंग्रजीचे विभागप्रमुख नीळकंठ सर यांनी शिफारस केली, की जुलैत पुन्हा उगवायची. मधल्या काळात ती बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये बसून, आपण आता आयुष्यभर फक्त गौरांगचा खोकला मोजणार, या भीतीने अर्धी व्हायची. गौरांग हा तिचा मुलगा, चार वर्षांचा होता आणि खोकायचाही खूप.

यंदाची शिफारस बत्तीस फायलींवर अडली होती. तपासणी समिती येणार होती. बी.ए.च्या मुलांनी इंग्रजीत लिहिलेला प्रत्येकी एक शोधनिबंध समितीला दाखवायचा होता. ‘फायली चांगल्या, तर शिफारस चांगली,’ असं सरांनी जानेवारीतच सांगून टाकलं होतं. म्हणजे धमकी नव्हे, प्रोत्साहन.

वर्गातली सगळी मुलं हिंदी माध्यमातली. आधी इंग्रजी यायचं होतं, मग इंग्रजीत विचार, आणि मग विचारांना पुरावा. मंजूषाने हे तिन्ही एका सेमिस्टरमध्ये बसवलं होतं, कारण अभ्यासक्रम करणाऱ्यांनी तसं बसवलं होतं. ती घसा फोडून सांगायची, आपला प्रश्न घ्या, आपल्या शब्दांत लिहा आणि जे लिहाल ते कुठून मिळालं ते खाली नोंदवा. मुलं माना डोलवायची. माना डोलवण्यात वर्ग अव्वल होता.

पहिल्या खेपेला निबंध आले ते सगळे एका गाइडमधून. आशयने तर शेवटी ‘हे उत्तर पाठ करा, हमखास येईल’ ही गाइडवाल्याची सूचनाही सुंदर अक्षरात उतरवली होती.

“आशय, ये तुमने लिखा है?”

“जी मॅम. पूरा हाथ से.”

“मतलब, अपने शब्दों में?”

आशय दुखावला. “मॅम, इतने बड़े-बड़े लोगों ने किताब में लिखा है. मैं कौन होता हूँ बदलने वाला?”

आता या आदराचं काय करायचं? आळशीपणाला ओरडता येतं, नम्रतेला कसं ओरडणार?

तिने दम दिला, की निबंध नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातील. दुसऱ्या खेपेला मुलं एम. पी. नगरातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेली. तो निबंध इंग्रजीतून हिंदीत आणि हिंदीतून परत इंग्रजीत फिरवून द्यायचा, स्पायरल बाइंडिंगसकट. ‘एअर पोल्युशन’ जाऊन ‘विंड डर्टीनेस’ परत आलं. सॉफ्टवेअर खूश झालं. नक्कल चार टक्के! नीळकंठ सरही खूश झाले.

मंजूषा मात्र पिंकीच्या फायलीपाशी अडली. पिंकी शेवटच्या बाकावरची, अयोध्या नगरची. वर्गात तिचा आवाज मंजूषाने हजेरीपलीकडे ऐकला नव्हता. निबंध दीड पानाचा, प्रत्येक ओळीत इंग्रजीचे हाल. विषय होता, आमच्या गल्लीत पाणी शेवटी का येतं. पिंकीने अकरा घरांत जाऊन विचारलं होतं आणि शिकवल्याप्रमाणे प्रत्येक वाक्याखाली स्रोत दिला होता. ‘स्रोत: घर नंबर चौदा, वर्मा आंटी, वय सांगितलं नाही.’ ‘स्रोत: घर नंबर नऊ, अंकल, रागावले होते.’

मंजूषाने ते पान दोनदा वाचलं. बत्तीस जणांत एकीने ऐकलं होतं, आणि नेमकी तीच फाइल समितीला दाखवण्यासारखी नव्हती.

“आंटी?” नीळकंठ सरांनी चष्मा कपाळावर चढवला. सर मूळचे नागपूरचे. रागावले, की नागपूर वर यायचं. “अवो मॅडम, समितीपुढे आंट्या ठेवता का? मोठी नावं टाका. शर्मा २०१६, गुप्ता २०१८.”

“असे लेखक आहेत का पण, सर?”

“असतीलच ना! शर्मा काय कमी आहेत का भोपाळात? आणि ते इंग्रजी जरा तुम्हीच लिहून टाका. पोरीचं काय, ती सही करते.”

मंजूषा फाइल घेऊन घरी आली. सासूबाई गौरांगला वाफ देत होत्या. “आलीस? त्याचं अंग कोमट लागतंय हो. पण तू कर तुझं काम, लोकांची मुलं महत्त्वाची.”

तिने गौरांगचा ताप पाहिला. नव्हता. खात्रीसाठी पुन्हा पाहिला. मग फाइल उघडली आणि ‘शर्मा’ लिहायला पेन टेकवलं. पिंकीच्या सहीखाली खोटं आपण लिहायचं आणि सोमवारी त्याच वर्गात जाऊन पुराव्याचं महत्त्व शिकवायचं! तिला ते जमेना. न लिहून बिनकामाची घरी बसायलाही जमत नव्हतं. शेवटी तिने भित्र्या माणसांचा मार्ग काढला. पिंकीच्या वाक्यांना हात लावला नाही. फक्त स्रोतांना नियमाप्रमाणे कपडे चढवले. ‘वर्मा, एस., प्रत्यक्ष मुलाखत, भोपाळ.’ एक अक्षर खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पिंकीला दाखवलं, तर ती हरखली. “मॅम, आंटी तो एकदम प्रोफेसर लग रही हैं.”

सरांनाही तसंच वाटलं. भाषेबद्दल कुरकुरले, पण वर्मा पसंत पडले.

समिती थेट वर्गात आली. अध्यक्षा सुमित्रा मॅडम यांनी ‘विंड डर्टीनेस’वाल्या चार फायली बघून जांभई दाबली आणि पाचवी उघडली. थांबल्या. पान उलटलं, परत मागे आल्या.

“हे वर्मा कोण? मुलाखतीत फार नेमकं बोललेत.”

“दिल्लीचे आहेत,” नीळकंठ सर क्षणात म्हणाले. “पाण्याच्या विषयात मोठं नाव.”

मागच्या बाकावर पिंकीने ओढणीचं टोक तोंडात धरलं. मंजूषाने ते पाहिलं. मुलांच्या चेहऱ्यावर नजर ठेवायची तिला सवयच होती. गप्प राहिलं, तर शिफारस पक्की होती. फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते तर पाहुण्यांचं कामच. पण पोरगी आपल्याकडेच बघत होती.

“दिल्लीचे नाहीत, मॅडम,” ती उभी राहून म्हणाली. “अयोध्या नगरच्या वर्मा आंटी आहेत. या मुलीने घरोघर जाऊन विचारलंय. मुलाखतीच आहेत, फक्त नोंद मी नीट करून दिली.”

नीळकंठ सर खिडकीबाहेर बघू लागले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

सुमित्रा मॅडमनी पिंकीला उभं केलं. “व्हॉट डिड शी से?”

पिंकीने ओढणी सोडली. “शी सेड, वॉटर कम्स फॉर ऑफिसर लेन फर्स्ट. देन आय आस्क टेन मोर हाउस. थ्री हाउस सेड, शी इज लायिंग.” थोडं थांबून ती म्हणाली, “सो आय रोट बोथ.”

सुमित्रा मॅडमनी तिची फाइल बाजूला काढून ठेवली. मग वहीत दोन ओळी खरडल्या आणि समिती स्वच्छतागृहं तपासायला गेली.

पुढचे आठ दिवस नीळकंठ सर मंजूषाला ओळखत नव्हते. नवव्या दिवशी समितीचा अहवाल आला. त्यात एकच कौतुक होतं, की विभागात मुलांना लोकांत जाऊन लिहायला लावतात. सरांनी तिला तातडीने बोलावलं.

“मी तर पहिल्यापासून सांगतो, लोकांत जा! बरं, तुमची शिफारस आजच पाठवायची आहे. नेहमीसारखी तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो.”

मंजूषा स्टाफरूममधल्या कॉम्प्युटरपुढे बसली. या वर्षी खरं, आपलं, स्वतःच्या शब्दांत लिहायचं. ‘मंजूषा चांगली शिकवते,’ तिने टाइप केलं. याला पुरावा काय? खोडलं. अर्धा तास गेला. फोन वाजला. सासूबाई म्हणत होत्या, “तो खोकतोय गं, आणि तुलाच हाक मारतोय.”

तिने गेल्या वर्षीचं पत्र उघडलं, साल बदललं आणि प्रिंट दिली.

नीळकंठ सरांनी न वाचता सही ठोकली. कागद तिच्या हातात देत म्हणाले, “काही म्हणा मॅडम, तुम्ही लिहिता मात्र झकास.”