मागे एक आहे

माझ्या समोरच्या खणात, टायरची हवा मोजायच्या नळीखाली, एक पत्र पडून होते. ते आले तेव्हा डोंगरावर बर्फ होता. बर्फ वितळला, ओढे भरून वाहिले आणि पुन्हा बारीक झाले, तरी त्या पत्राला उत्तर गेले नव्हते. माझ्या आयुष्याबद्दल काही सांगायचे म्हटले की आधी ते पत्रच आठवते. मित्रांनो, मला सारे क्रमाने सांगता येईल की नाही, याची खात्री नाही. माझ्यापेक्षा चांगले सांगणाऱ्या गाड्या असतील. पण त्या इथे नाहीत, मी आहे.

मी एक जुनी, उघडी, दोन बैठकांची डोंगरगाडी आहे. मला दारांच्या जागी जाळ्या आहेत, डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा आहे, आणि टायर माझ्या अंगाच्या मानाने जरा जास्तच जाड आहेत. चालवणारा आणि सोबती शेजारी शेजारी बसतात म्हणून इकडे आम्हाला ‘साइड-बाय-साइड’ म्हणतात. युटामधल्या बर्च फोर्क या गावात, रुलनआजोबांच्या शेडमध्ये मी राहते.

कारखान्यातले मला थोडेच आठवते. ठिणग्या आठवतात. एका बाईने माझ्या चाकांचे नट आवळून प्रत्येकावर पिवळ्या खडूची रेघ ओढली, ते आठवते. त्यानंतर एकदम दुकानातली चकचकीत फरशी.

रुलनआजोबा आणि व्हर्डाआजी गाडी निवडायला आले, ती सकाळ मात्र नीट लक्षात आहे. आजोबांच्या खिशात एक दोरी होती. डोंगरातल्या कड्यापाशी वाट सर्वांत अरुंद होते, तिथली रुंदी त्यांनी या दोरीने मोजून आणली होती. जी गाडी दोरीत बसत नव्हती तिच्याकडे ते दुसऱ्यांदा पाहतही नव्हते. दुकानातला पोरगेला विक्रेता त्यांना सारखा एका मोठ्या लाल गाडीकडे ओढत होता.

“ताई, नुसता पाय ठेवा. टेकाडावरून उडते ही!”

“उडून जायचं कुठे?” व्हर्डाआजी म्हणाल्या. “आम्हाला झऱ्यापाशी जाऊन जेवायचंय.”

त्या प्रत्येक गाडीत दोन्ही बाजूंनी बसून पाहत होत्या. पट्टा ओढून पाहत होत्या. “हा माझा गळाच कापतो. हिच्यात नातवाचे पाय खाली टेकणार नाहीत, खड्ड्यात पोर लोंबकळेल. हिच्या नाकावरून मला रस्ता दिसत नाही, नुसतं आभाळ दिसतं.”

“साहेब, गाडी घेताय की मुलगी बघायला आलाय?” विक्रेता आजोबांना म्हणाला.

“दोन मुली,” आजींनीच उत्तर दिले. “याच्या शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबून दाबून माझा गुडघा गेलाय. मला माझी वेगळी हवी.”

“बरं,” आजोबा म्हणाले. ते एकूण कमीच बोलत.

अशी मी निवडली गेले, राखाडी रंगाची. आणि माझ्यासारखीच एक निळी आजींसाठी. दिसण्यामुळे मला कुणी घेतले नाही, एवढे मला माहीत आहे. माझ्यात बसल्यावर पोरांचे पाय खाली टेकत होते म्हणून घेतले. आमच्यासारख्यांची निवड अशीच व्हावी, असे मला वाटते. चूकही असेन.

पुढची वर्षे चांगली गेली. दर उन्हाळ्यात आजोबांची मुलगी जनील आपल्या दोन मुलांना शहरातून आणून सोडी. टेट माझ्यात बसे आणि ओकली निळीत, किंवा उलटे, त्यावरून रोज भांडण. मागच्या पेटीत बिडाचे जड भांडे असे. झऱ्यापाशी निखाऱ्यांवर त्यात पीच शिजत, झाकण उघडले की मुले गप्प होत. मी नेहमी पुढे, निळी नेहमी मागे.

“लग्न झाल्यापासून तुझी धूळ खातेय,” व्हर्डाआजी डोळ्यांवरचा जाड चष्मा वर करून म्हणत. चष्म्याखालची दोन पांढरी वर्तुळे सोडली तर त्यांचा चेहरा विटकरीसारखा लाल झालेला असे.

“मग हो पुढे,” आजोबा म्हणत.

“नको. तू चुकलास तर शोधायला कुणी नको का मागे?”

आमच्या वाटांवर एक रीत आहे. समोरून गाडी आली की पुढच्या चालकाने हात वर करायचा आणि आपल्या मागे जितक्या गाड्या आहेत तितकी बोटे दाखवायची. मागे कुणी नसेल तर मूठ. वाट एकाच गाडीपुरती असते, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. बोटे पाहून समोरचा माणूस रुंद जागी बाजूला थांबतो आणि तितक्या गाड्या गेल्यावरच निघतो. दुसरी रीत अशी की वाट फुटते तिथे पुढच्याने थांबायचे, मागचा दिसेपर्यंत.

रुलनआजोबा एक बोट दाखवत. मागे एक आहे. मागून निळी येई आणि आजी मूठ दाखवत. ते एक बोट इतक्या वेळा वर गेले की हात कधी वर गेला, हे आजोबांनाही कळत नसे.

मग एका हिवाळ्यात व्हर्डाआजी आजारी पडल्या. वसंतात शेडचे दार उघडले तेव्हा आजोबा एकटेच आत आले. अंगात अंत्यविधीचा काळा कोट होता. ते माझ्यात बसले, किल्ली लावली नाही, थोड्या वेळाने उठून गेले. काही दिवसांनी एक माणूस ट्रेलर घेऊन आला आणि निळीला घेऊन गेला.

मला तेव्हा काय वाटले, असे तुम्ही विचाराल. खरे सांगायचे तर काही वाटले नाही. कडाक्याच्या थंडीत माझ्या इंजिनातले तेल घट्ट होते, कळ दाबली तरी नुसते ‘टक्’ होते आणि पुढे काही होत नाही. तसेच काहीसे होते. आजोबांचेही तसेच असावे. ते शेडमध्ये येत, फावडे घेत, जात. निळीच्या जागी सिमेंटवर तेलाचा डाग राहिला होता. त्यावर त्यांनी कधी काही ठेवले नाही.

माझी बॅटरी उतरली. हवेच्या गाळणीत उंदरांनी घर केले. एक उन्हाळा गेला. मुले आली नाहीत. दुसरा हिवाळा सरत आला आणि ते पत्र आले.

आजोबांनी ते माझ्यात बसून वाचले. ते वाचताना ओठ हलवतात, म्हणून मला ऐकू आले.

“बाबा, फोनवर तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणता, म्हणून लिहितेय. पत्राला ‘हं’ म्हणता येत नाही. मुलं सारखी डोंगर डोंगर करतात. आम्ही स्वतःची गाडी घ्यायची म्हणतोय. दोन आवडल्यात. चार बैठकांची तुमच्या दोरीत बसते आणि घोड्याच्या नालेसारख्या त्या वळणावर एका दमात वळते. सहा बैठकांची लांब आहे, तिथे मागे-पुढे करावं लागेल म्हणे. पण तुम्ही आमच्याबरोबर येणार असाल तर आम्ही सहाचीच घेऊ. येणार नसाल तर चारची पुरे. मी रागावणार नाही. जुलैत पायोनियर डेच्या सुट्टीला मुलांना डोंगरावर न्यायचंय, त्याआधी ठरवायला हवं. जास्त लिहू नका. नुसता आकडा लिहून पाठवलात तरी कळेल मला. जनील.”

आजोबांनी पत्राची घडी केली आणि माझ्या खणात ठेवून दिली. चार की सहा, एवढेच तर लिहायचे होते. जुलै उजाडला तरी लिहिले नाही.

जुलैतल्या एका सकाळी त्यांनी माझी बॅटरी भरली, गाळणीतले उंदराचे घर काढले, जुने तेल सोडून नवे ओतले आणि मला बाहेर काढले. का, ते मला माहीत नाही. सोबत एक सँडविच होते. आम्ही वर निघालो. पहिला फाटा आला तिथे ते थांबले. मागे पाहिले. धूळ खाली बसली, वाट मोकळी होती. मग निघाले. दुसऱ्या फाट्यावरही थांबले. मी काही बोलू शकत नाही, मित्रांनो. मी नुसती धडधडत उभी होते.

कड्यापाशी समोरून एक गाडी आली. चालवणारा एक जाडजूड गृहस्थ, मागच्या बैठकीत बर्फात घालतात तसला मोठा चष्मा लावलेली एक म्हातारी. त्यांनी रुंद जागी गाडी बाजूला घेतली. आम्ही पुढून गेलो. आजोबांचा हात वर गेला.

एक बोट.

झऱ्यापाशी आजोबा सँडविच मांडीवर ठेवून बसून राहिले. त्यांनी ते उघडले नाही. पाण्याचा आवाज होता. बऱ्याच वेळाने खालून इंजिनाचा आवाज चढत आला आणि तीच गाडी धुळीतून बाहेर पडली. तो गृहस्थ घामाघूम झाला होता.

“काका! तुमच्या मागची गाडी कुठंय?”

आजोबांनी त्याच्याकडे पाहिले.

“अहो, तुम्ही एक दाखवलंत! आम्ही थांबलो, थांबलो, कुणी येईना. मग पार खालपर्यंत जाऊन आलो. प्रत्येक वळणावर उतरून दरीत बघितलं. आई तर कड्यावर पोटावर आडवी झाली होती. कोण होतं मागे?”

आजोबांनी स्वतःच्या हाताकडे पाहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

“डेल, इंजिन बंद कर,” म्हातारी म्हणाली. “आणि मला उतरव, मुंग्या आल्यात पायाला माझ्या. हळू रे! मी काय सिमेंटची गोणी आहे?”

ती लंगडत आली आणि माझ्या उजव्या बैठकीत बसली. व्हर्डाआजी गेल्यापासून तिथे कुणी बसले नव्हते. तिने चष्मा कपाळावर चढवला. डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळे होती.

“मागे कुणी नाही ना?”

आजोबांनी मान हलवली.

“बायको?”

“हं.”

म्हातारीने त्यांच्या मांडीकडे पाहिले. मग म्हणाली, “हे सँडविच खाणार आहात की फिरवायला आणलंय?”

आजोबांनी ते तिला दिले. तिने अर्धे केले आणि अर्धे त्यांच्या हातात परत ठेवले.

“खाली दरीत बघताना एक पंचाईत झाली,” ती खात खात म्हणाली. “हाक मारायची होती, पण नावच माहीत नाही. मी नुसतं ‘अगंऽ, अहोऽ’ ओरडत होते. डेलला वाटलं मला चक्कर आली. काय नाव तिचं?”

“व्हर्डा,” आजोबा म्हणाले.

ते नाव मी इतक्या दिवसांत ऐकले नव्हते. आजोबांनी पुन्हा एकदा म्हटले, जरा मोठ्याने. मग अर्धे सँडविच खाल्ले.

डेल चुळबुळत होता. “काका, रागावू नका, पण पुढच्या वेळी मूठ दाखवा. लोक शोधत बसतात.”

“गप रे,” त्याची आई म्हणाली. मग आजोबांकडे वळली. “तसं तो खोटं बोलत नाही. एक तर मूठ दाखवा. नाही तर मागे कुणाला तरी आणा.”

उतरताना तिने डेलला आमच्या मागे गाडी घ्यायला लावली. फाट्यावर आजोबा थांबले आणि मागे पाहिले. धुळीतून गाडी आली. कड्याच्या खाली समोरून चार पोरे एका गाडीत गाणी लावून येत होती. आजोबांचा हात वर गेला, एक बोट घेऊन. पोरे बाजूला थांबली. मी पुढे गेले, आणि माझ्या मागून खरोखरच एक गाडी गेली. चालता चालता डेलने मूठ दाखवली, आणि त्याच्या आईनेही, उगाचच.

त्या संध्याकाळी आजोबा कागद घेऊन शेडमध्ये आले आणि माझ्यात बसून, स्टिअरिंगच्या चाकावर पाटी टेकवून लिहू लागले. त्यांनी लिहिले, “जनील, चारची घ्या.” आणि पेन थांबले. जनीलने काय लिहिले होते ते मला आठवत होते. एवढाच आकडा गेला असता तर शहरात त्याचा एकच अर्थ लागला असता. मला काही करता येत नव्हते. शेडच्या पत्र्यावर चिमणी नखे घासत होती. आजोबा सिमेंटवरच्या तेलाच्या डागाकडे पाहत होते. मग ओठ हलायला लागले आणि पेनही.

“सहाची नको, नालेच्या वळणावर अडकेल. पट्टा ओकलीच्या गळ्यावर येत नाही ना, ते बसवून बघा. टेटचे पाय खाली टेकायला हवेत. मी माझी घेऊन पुढे असेन, वाट मला माहीत आहे. तुम्ही मागे या. धूळ खावी लागेल. प्रत्येक फाट्यावर मी थांबेन. बिडाचं भांडं मी आणतो, पीच तुम्ही आणा. बाबा.”

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच आहे, आणि ती सांगण्याजोगी होती का, हे मला अजून कळलेले नाही. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी गाडी कोपऱ्यात पडून असेल तर तिच्या गाळणीतली धूळ झटका, बॅटरी भरा, अधूनमधून तिला थोडे चालवा. चालवले नाही की आमच्यातले सारे हळूहळू घट्ट होत जाते, आणि ते बाहेरून दिसत नाही. आणि वाटेत कुणी तुम्हाला एक बोट दाखवले आणि मागून कुणीच आले नाही, तर वैतागून निघून जाऊ नका. थोडे थांबा. नाव विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी मला फाटकापर्यंत नेले. अंतर चालत जाण्याइतकेच आहे, तरी नेले. रस्त्याच्या कडेला पत्रपेटी आहे. त्यांनी बसल्या बसल्याच हात लांब करून पाकीट आत सरकवले, झाकण लावले, आणि आत न्यायचे पत्र आहे हे पोस्टमनला कळावे म्हणून बाजूचा छोटा लाल झेंडा उभा केला.